कॅम्पिंगला फ्रिज न्यायचाय? आइसबॉक्स, पेल्टियर, गॅसवाला की कॉम्प्रेसर

गाडीत ठेवायचा फ्रिज घ्यायचं ठरलं की आपण आधी लिटर बघतो आणि मग किंमत, आणि तिथेच गोंधळ सुरू होतो, कारण २० लिटरचा एक डबा पाच-सात हजारात मिळतो आणि साधारण तेवढाच दुसरा पंचवीस हजारांच्या पुढे असतो, फोटोत मात्र दोघांतही त्याच कोल्ड्रिंकच्या बाटल्या. खरा फरक खाली बारीक अक्षरात लिहिलेला असतो. पहिला पेल्टियरवर चालतो, दुसऱ्यात घरच्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसर आहे. आपल्याकडच्या उन्हात सगळं यावरच ठरतं.

पेल्टियरवाल्या डब्यात गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही, एक छोटी चकती असते, तिच्यातून करंट गेला की एक बाजू गार होते आणि दुसरी तापते, तापलेल्या बाजूची उष्णता पंखा बाहेर फेकतो. बस एवढंच. त्यामुळे हलका, स्वस्त, बिघडण्यासारखं फार काही नाही. पण त्याची ताकद ठरलेली आहे, बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १८-२० डिग्री खाली, त्याच्या पुढे तो जात नाही. आता हिशोब करा. जानेवारीत महाबळेश्वरला बाहेर २२ असेल तर आत ४-५ मिळतील, मस्त. मे महिन्यात तारकर्लीला गाडी सावलीत लावलीत तरी आतलं तापमान ४० पर्यंत जातंच, मग डब्यात २० डिग्री. २० डिग्रीला दूध नासतं, मासा तर विचारूच नका. युरोपातले लोक याच वस्तूला चांगले स्टार देतात आणि ते खोटं बोलत नाहीत, त्यांच्याकडे बाहेरच २५ असतं.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही ती वीज. दिसायला छोटा म्हणून कमी खाईल असं वाटतं, पण ४५-५० वॉटचा साधा पेल्टियर थांबतच नाही, चोवीस तास चालू, म्हणजे दिवसाला हजार-बाराशे वॉट-अवर (हजार वॉट-अवर म्हणजे विजेचं एक युनिट). कॉम्प्रेसरवाला ४० लिटरचा फ्रिज चालू असताना तेवढेच ४५-६० वॉट ओढतो, पण आत ४ डिग्री झाली की बंद पडतो, थोड्या वेळाने परत सुरू होतो, म्हणून दिवसाचा हिशोब ३०० ते ५०० वॉट-अवरवर येतो, उन्हात बंद गाडीत असेल तर थोडा जास्त. म्हणजे जो स्वस्त आहे तो बॅटरी दुप्पट-तिप्पट खातो आणि थंडही कमी करतो! आणि गाडी बंद केली, पेल्टियर बंद झाला, की त्याच चकतीतून उष्णता उलटी आत यायला लागते, म्हणून तो साध्या आइसबॉक्सपेक्षाही लवकर गरम होतो. माझं स्पष्ट मत, पुणे ते गोवा गाडी चालत असताना घरून गार करून आणलेल्या पाण्याच्या बाटल्या गार ठेवायला तो ठीक आहे, मुक्कामाच्या कॅम्पिंगला नाही.

आइसबॉक्सला लोक उगाच कमी लेखतात. एक किलो बर्फ वितळताना साधारण ९३ वॉट-अवर उष्णता शोषून घेतो, म्हणजे पाच किलो बर्फात साडेचारशेच्या वर वॉट-अवरची थंडी भरलेली असते, ना बॅटरी ना वायर. जाड भिंतीचा चांगला बॉक्स, घट्ट बसणारं झाकण, आत दहा किलो बर्फ, आधी रात्रभर बॉक्स स्वतः गार करून घेतलेला, असं असेल तर उन्हाळ्यातही दोन दिवस आरामात निघतात. पवना, भंडारदरा, एक-दोन रात्रींचा प्लॅन, यासाठी मी कुणालाही पंचवीस हजार घालायला सांगणार नाही. त्रास दोन आहेत. एक म्हणजे पाणी, दुसऱ्या दिवशी पनीरचं पाकीट तळाच्या पाण्यात तरंगत असतं आणि कोथिंबिरीचा चिखल झालेला असतो, त्यावर उपाय म्हणजे मोकळा बर्फ टाकायचाच नाही, घरी दोन लिटरच्या बाटल्यांत पाणी गोठवून न्यायचं, वितळलं की पिता येतं. दुसरा त्रास बर्फ कुठून घ्यायचा याचा. किनाऱ्यावर जेटीजवळ मासेवाल्यांना लागणारा बर्फ सहज मिळतो पण तो खायचा नसतो. २०१८ पासून महाराष्ट्रात खाण्याचा नसलेला बर्फ निळसर करायचा नियम आहे, तरीही पांढरा दिसला म्हणून सरबतात टाकू नका. बाटल्यांच्या, पिशव्यांच्या बाहेरून लावायला तो चालतो.

गॅसवर चालणारा फ्रिज, ज्याला थ्री-वे म्हणतात कारण तो गॅस, १२ व्होल्ट आणि घरची वीज अशा तिन्हींवर चालतो, आपल्याकडे कमी दिसतो पण कॅरव्हॅनचं डोक्यात असेल त्यांच्या यादीत तो येतोच. १९२२ च्या सुमारास स्वीडनमधे फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी काढलेली ही पद्धत, अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन, हलणारा एकही भाग नाही, त्यामुळे आवाज शून्य. गॅसवर दिवसाला तीनशे-चारशे ग्रॅम जातो, म्हणजे पाच किलोचा छोटा सिलिंडर बारा ते सोळा दिवस पुरतो, विजेची कटकटच नाही. ऐकायला फार छान वाटतं. पण तो जवळजवळ सपाट ठेवावा लागतो, कॅम्पसाइट उताराची असली की थंड करणं बंद. बाहेर ३५ च्या वर गेलं की दमतो. लडाखसारख्या उंचीवर ज्योत नीट जळत नाही. १२ व्होल्टवर तो इतका करंट खातो की फक्त गाडी चालू असतानाच वापरायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गॅसवर असताना तो बंद गाडीत, तंबूत अजिबात नाही चालवायचा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. कॅरव्हॅनमधे कंपनीने बाहेर व्हेंट काढून बसवलेला असेल आणि तुम्ही एकाच ठिकाणी आठवडा राहणार असाल तरच याचा विचार करा.

मग राहिला कॉम्प्रेसर, आणि आपल्या हवामानात खऱ्या अर्थाने फ्रिज म्हणावा असा हाच. बाहेर ४० असो, तो आत ४ डिग्री ठेवतो, हवं तर उणे १८ वर जातो, आमरस गोठवा, मासे गोठवा. आंबोलीच्या, ताम्हिणीच्या घाटात गाडी तिरकी झाली तरी चालतो, फक्त पट्ट्याने बांधा, भरलेला ४० लिटरचा फ्रिज तीस किलोच्या आसपास जातो आणि जोरात ब्रेक लागला तर तो मागच्या सीटवर येऊ शकतो. घेताना आत कुणाचा कॉम्प्रेसर आहे ते विचारा. सेकॉप ही कंपनी म्हणजे आधीची डॅनफॉस, त्यांचे कॉम्प्रेसर जुने आणि भरवशाचे, एंगल ब्रँडच्या फ्रिजमधे सावाफुजी या जपानी कंपनीचा स्विंग मोटर नावाचा वेगळ्या प्रकारचा कॉम्प्रेसर असतो, डोमेटिक आणि एआरबी या कंपन्यांचे फ्रिज ऑस्ट्रेलियातल्या ऑफरोड लोकांत खूप चालतात. स्वस्त चिनी फ्रिजही आता बरे थंड करतात, फक्त झाकणाचं रबर, बिजागरी आणि भिंतीची जाडी हाताने बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सर्व्हिस तुमच्या शहरात आहे का हेही, कारण कंट्रोल बोर्ड गेला की साधा फ्रिजवाला हात लावत नाही.

पण फ्रिज चांगला असून वायरीवर मार खाणारे खूप असतात. फ्रिजच्या स्क्रीनवर व्होल्टेज दिसतं, बघत बसा, कॉम्प्रेसर बंद असताना १२.५ आणि सुरू झाला की झर्रकन ११.८. बॅटरीला काही झालेलं नसतं, डिकीतल्या लायटर सॉकेटची वायर बारीक असते, पाच अँप गेले की अर्धा-पाऊण व्होल्ट रस्त्यातच जातो, फ्रिजला वाटतं बॅटरी संपली आणि तो एरर देऊन बंद. बॅटरी फार उतरण्याआधी फ्रिज आपोआप बंद व्हावा म्हणून प्रोटेक्शनचे तीन लेव्हल असतात, हाय, मीडियम, लो, हायवर तो सगळ्यात आधी बंद होतो. गाडीच्याच बॅटरीवर असाल तर हायवरच ठेवा नाहीतर सकाळी गाडी सुरू व्हायची नाही, आणि वायर बदलून घ्या, बॅटरीपासून डिकीपर्यंत सहा स्क्वेअर एमएमची, बॅटरीजवळच फ्यूज लावून. बऱ्याच गाड्यांत चावी काढली की सॉकेट बंद होतं हेही आधी तपासा.

४५ एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) गाडीची बॅटरी म्हणजे कागदावर ५४० वॉट-अवर, त्यातले अर्धेही वापरायचे नसतात, म्हणजे एक थंड रात्र निघते, पुढे नाही. तीन-चार रात्रींसाठी वेगळी १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, साधारण हजार वॉट-अवर वापरता येतात, म्हणजे सोलर नसताना दोन दिवस. १०० वॉटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला तीनशे-चारशे परत देतं, पावसाळ्यात मात्र त्याच्या भरवशावर राहू नका. हा सगळा खर्च फ्रिजच्या किमतीत धरूनच निर्णय घ्या, दुकानदार नुसत्या डब्याचा भाव सांगतो.

साइझचं म्हणाल तर दोघांना दोन दिवस २० लिटर, चौघांच्या कुटुंबाला ३५-४०. त्याहून मोठा घेतलात तर रिकामी जागाच थंड करत बसाल. निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या प्लगवर लावून गार करा आणि आत जाणारी प्रत्येक गोष्टसुद्धा गारच टाका, दहा लिटर पाणी ३२ वरून ५ डिग्रीवर आणायचं तर तीनशेच्या वर वॉट-अवर उष्णता बाहेर काढावी लागते, ती तुमच्या बॅटरीतून कशाला? दूध टेट्रापॅकचं न्या, उघडेपर्यंत फ्रिजच लागत नाही. कच्चा हापूस आत ठेवू नका, नीट पिकत नाही. मालवणहून सुरमई आणणार असाल तर साफ करून, पुसून, दोन पिशव्यांत बंद करून तळाला, निघायच्या आदल्या रात्रीच उणेवर टाका, सकाळी दगड झालेली असते आणि श्रीखंडाला वास लागत नाही.

घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर एवढं नक्की वाचा. ते २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं आणि गोठलं तर फेकायचं. मे महिन्यात पेल्टियर तिथपर्यंत पोचत नाही, आणि कॉम्प्रेसरवाल्यात भिंतीला टेकलं तर गोठू शकतं, कारण स्क्रीनवरचा आकडा एका सेन्सरचा असतो. कापडात गुंडाळून मधल्या बास्केटमधे, शेजारी एक वेगळा छोटा थर्मामीटर, आणि फ्रीझर मोड त्या ट्रिपला विसरा.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मधे कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून भाड्याने कॅरव्हॅन घेणारे वाढलेत. फ्रिज आहे असं सांगतात, पण तो कुठला ते विचारा. घरचा २३० व्होल्टचा छोटा फ्रिज इन्व्हर्टरवर लावलेला असेल तर दहा-पंधरा टक्के वीज इन्व्हर्टरच खातो, वर कॉम्प्रेसर सुरू होताना मोठा झटका घेतो, लहान इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो. रिसॉर्टच्या प्लगला गाडी जोडलेली असेल तर काही फरक पडत नाही. मोकळ्या माळावर मुक्काम असेल तर १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवालाच हवा, आणि बुकिंगच्या आधी मालकाला सरळ विचारा, बाहेरची लाइन नसताना, इंजिन बंद ठेवून, तुमचा फ्रिज रात्रभर चालतो का. उत्तर गोलमोल आलं तर सोबत आइसबॉक्स न्या.