एचेव्हेरिया की हॉवर्थिया? गोव्यात कोणती घ्यावी

या दोन्ही सक्युलंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारी छोटी झाडं. नर्सरीत गेलं की सगळ्यांचा हात आधी एचेव्हेरियाकडेच जातो, दिसतेच तशी, निळसर गुलाबासारखी, आणि पानांवर ती पांढरी पावडर असते ना ती मेणाची, उन्हापासून पान वाचवते, तिला बोट लावू नका, पुसली की त्या पानावर परत येत नाही. पण ही मूळची मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली, भरपूर ऊन आणि गार रात्री हव्यात तिला. आपल्याकडे फोंडा-डिचोलीला जूनपासून ऊन गायब, हवा इतकी दमट की कुंडीतली माती सुकतच नाही, मग ती उजेडासाठी लांबट होते, खालची पानं पिवळी पाणीदार होऊन गळतात, खोड दाबलं की मऊ लागतं. तेव्हा वाट बघू नका, वरचा घट्ट शेंडा कापा, चार दिवस सावलीत सुकवा आणि नव्या कोरड्या मातीत लावा.

हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेतली, तिथे झुडपांच्या आडोशाला वाढते, त्यामुळे बाल्कांवातल्या (घरापुढच्या ओसरीतल्या) उजेडात मस्त राहते. कडक उन्हात उलट लालसर तपकिरी पडते. बुडाशी पिल्लं येतात ती वेगळी करून लावायची, सोपं काम. मुळं मात्र हिचीही कुजतात हं, पाणी जपूनच.

मला विचाराल तर पहिल्यांदा लावताय तर हॉवर्थियाच घ्या. एचेव्हेरिया पाहिजेच असेल तर पावसाळा संपल्यावर आणा, मातीची कुंडी, निम्मी जाड रेती किंवा परलाइट (पांढरे हलके खडे), कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अगदी कमी, आणि पुढच्या जूनआधी पारदर्शक पत्र्याखाली वारं खेळेल अशी जागा बघून ठेवा.