टाकीवरचा अल्ट्रासॉनिक सेन्सर: नऊ महिने वापरल्यावर

पहाटे नळाला पाणी आलं की घरात एकच आरोळी: "अरं, टाकी बघ की वर जाऊन!" तिला कंटाळून नोव्हेंबरात गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाकीला वॉटरप्रूफ प्रोबचा सेन्सर बसवला. गाडीच्या बंपरला रिव्हर्ससाठी असतो त्याच जातीचा, ४० किलोहर्ट्झचा. प्रोब म्हणजे त्याचं टाकीत डोकावणारं तोंड: ते कानाला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतं आणि पाण्यावरून प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढलं जातं. खोक्यावर अचूकता १ सेंटिमीटर छापलीय. छापू देत.

पहिला घोळ टाकी भरत आल्यावर. पाणी प्रोबच्या वीतभर जवळ आलं की आकडा उड्या मारायचा. उद्यमनगरातल्या मित्राच्या ऑसिलोस्कोपला (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला तेव्हा कारण दिसलं. सर्किट आठ ठोके देऊन २०० मायक्रोसेकंदांत गप्प होतं, पण प्रोबमधली आवाज काढणारी चकती देवळातल्या घंटेसारखी घुमतच राहते. बोलायला आणि ऐकायला चकती एकच. तिचं घुमणं थांबेपर्यंत आलेला प्रतिध्वनी त्यातच बुडतो. २० सेंटिमीटरवरून आवाज जाऊन परत यायला जेमतेम १.२ मिलिसेकंद लागतात. प्रोब झाकणाच्या वर उचलून बसवला, प्रश्न मिटला.

डिसेंबरात नवीनच. सकाळी टाकी कायम एकाच आकड्यावर अडकलेली. झाकण काढलं तर प्रोबच्या तोंडावर दवाचे टपोरे थेंब. सिरॅमिकची चकती जड आणि ताठ, हवा हलकी. नुसत्या चकतीला हवा नीट हलवता येत नाही, म्हणून ती पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पडद्याला चिकटवलेली असते. त्या पडद्यावर थेंब बसला की त्याची कंपनसंख्या खाली सरकते आणि सर्किट मात्र ४० किलोहर्ट्झवरच ठोकत बसतं. बोटानं पुसला, चालू! रोज कोण पुसणार? प्रोब किंचित तिरका केला, थेंब ओघळायला लागले. थोडाच हं, जास्त कलला तर प्रतिध्वनी भिंतींवर आपटत बसतो आणि परत येतच नाही.

मे महिन्यात खरी गंमत. तळाशी पाणी असताना दुपारी कुणी न भरता टाकीत दोन बादल्या पाणी वाढायचं, रात्री परत गायब. आईनं तर शेजाऱ्यांवर संशय घेतला. दोष उन्हाचा होता. हवा दर अंशाला तापली की आवाजाचा वेग सेकंदाला ०.६ मीटरनं वाढतो: २० अंशांना ३४३ मीटर, ४० अंशांना ३५५. सर्किटला वेग एकच ठाऊक, त्यामुळे मीटरभराच्या अंतरात साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो. झाकणाखाली तापमानाचा छोटा सेन्सर टांगला, प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली. फरक सेंटिमीटरवर आला. पुरता जात नाही, कारण झाकणाशी हवा भट्टीसारखी आणि पाण्यालगत गार असते.

मोटर चालू असताना धारेच्या फेसामुळं येणारा आकडा मी बघतच नाही. दहा रीडिंगमधलं मधलं घेतो.

एवढं सगळं करूनही दुसरा घेतला, शेजारच्या काकूंसाठी. त्यांची टाकी पत्र्याखाली सावलीत आहे, म्हणून तिथं तापमानाच्या भानगडीत पडलो नाही. प्रोब मात्र पहिल्या दिवसापासून तिरका लावलाय.