हेरफर्ड कालवडींसाठी काफ जॅक: कोणता घ्यावा आणि तो कधी हातात घेऊ नये

पहिल्या वेताच्या हेरफर्ड (मांसासाठी पाळली जाणारी इंग्लिश जात) कालवडी असलेल्या फार्मवर काफ जॅक, म्हणजे अडलेलं वासरू ओढून बाहेर काढायचं अवजार, हवाच. पण एका हंगामात तो वरचेवर भिंतीवरून खाली उतरत असेल, तर दोष कालवडींच्या संगोपनात किंवा वळूच्या निवडीत आहे, जॅक बदलून काही होणार नाही. इंग्लंड, न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियात फार्मवर काम करणाऱ्या मराठी मंडळींना हे अवजार हाताळावं लागू शकतं, म्हणून हा परिचय त्याच अंगाने लिहिला आहे.

रचना साधी आहे. सुमारे पावणेदोन मीटरचा दांडा, त्याच्या एका टोकाला इंग्रजी यू अक्षरासारखी कमान, दांड्यावर पुढे-मागे सरकणारं रॅचेट (खाचांमध्ये अडकत जाणारा खटका) आणि साखळ्या अडकवायचे हूक. कमान गायीच्या योनीमुखाखाली, दोन्ही मांड्यांच्या मागे टेकते. साखळ्या वासराच्या पायांना, आणि मूठ हलवली की रॅचेट एकेक खाच मागे सरकतं.

बाजारात याचे दोन प्रकार आहेत. एकेरी ओढीच्या जॅकमध्ये दोन्ही पाय एकदम ओढले जातात. दुहेरी ओढीच्या जॅकमध्ये, उदाहरणार्थ डच बनावटीच्या व्हिंकमध्ये, डावा आणि उजवा पाय आळीपाळीने ओढता येतो. कालवडींसाठी निःसंकोच दुसराच घ्यावा. कारण वासराचे दोन्ही खांदे एकाच वेळी गायीच्या कमरेच्या हाडांच्या कड्यात शिरले की तिथेच पाचर बसते. एक पाय काही सेंटिमीटर पुढे, मग दुसरा, असं केलं की खांदे तिरके होऊन एकामागून एक आत सरकतात. एकेरी जॅकने हेच करायचं तर साखळ्या कमीजास्त लांबीवर अडकवाव्या लागतात, आणि घाईच्या वेळी ते नीट जमत नाही.

साखळ्या मात्र स्वतः निवडून घ्याव्यात. दीड मीटरची एक किंवा पाऊण मीटरच्या दोन, कड्या गुळगुळीत, स्टेनलेस स्टीलच्या. फास खुराच्या वरच्या पहिल्या सांध्याच्याही वर, आणि त्याच साखळीची अर्धी गाठ त्या सांध्याच्या खाली. अशाने जोर दोन जागी वाटला जातो. नुसत्या एका फासावर जॅक चालवला की पायाचं हाड मोडण्याची भीती असते. नायलॉनचे पट्टे कातडीला मऊ लागतात, पण ते उकळून आणि घासूनही पूर्ण स्वच्छ होत नाहीत. डोक्याला दोरी लावलीच, तर ती कानांमागून तोंडातून घ्यावी आणि फक्त हाताने दिशा द्यायला वापरावी. डोक्याची दोरी जॅकला कधीही अडकवू नये.

जोराचा हिशेब आधी समजून घ्यावा. गाय स्वतः जेव्हा कळ देते तेव्हाचा जोर साधारण 70 किलोचा धरतात. दोन धट्टीकट्टी माणसं मिळून 150 ते 200 किलो ओढतात. जॅकचा जोर 400 किलोच्या सहज पुढे जातो, आणि दांडा खाली दाबला की आणखी वाढतो. मुठीवर हे काहीच जाणवत नाही, आणि या अवजाराचा सगळ्यात मोठा धोका हाच आहे. वासराच्या फासळ्या आणि पाठीचा कणा मोडणं, गायीच्या मांडीकडे जाणाऱ्या नसा दबून ती उठू न शकणं, गर्भाशयाचं तोंड फाटणं, हे सगळं बहुतेक वेळा जास्तीच्या ओढीमुळे होतं.

म्हणून जॅक लावण्याआधी हात आत घालून तपासणी, तीही साबण लावून नव्हे तर भरपूर वंगण लावून. साबणाने मार्गाचा नैसर्गिक चिकटपणा धुऊन जातो. पाय पुढचे की मागचे, हे सांध्यांवरून ठरवावं: खुराकडचे दोन मोठे सांधे एकाच बाजूला वाकले तर पुढचे, उलट बाजूंना वाकले तर मागचे. डोकं मागे वळलेलं असेल, गुडघा दुमडलेला असेल किंवा गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडलेलं नसेल, तर जॅकला हात लावू नये. पाणमोट दिसल्यावर कालवडीने तासभर जोर लावूनही प्रगती नसेल, तर तपासणीची वेळ झाली.

मग दोन माणसांची चाचणी. हाताने ओढून पुढच्या पायांचे खुरावरचे सांधे योनीमुखाच्या बाहेर एक पंजाभर, म्हणजे सुमारे 10 सेंटिमीटर येत असतील, तर खांदे हाडाच्या कड्यातून सुटले आहेत आणि वासरू खालून निघेल. तेवढे येत नसतील तर व्हेटला बोलवून सिझेरियनची तयारी करावी. जॅकने तेव्हा फक्त मेलेलं वासरू आणि अधू गाय मिळते.

ओढताना कालवड उजव्या कुशीवर आडवी असेल तर उत्तम. कळ आली की एक-दोन खाचा, कळ थांबली की आपणही थांबायचं. योनीमुख हाताने ताणून सैल करायला दहा-पंधरा मिनिटं द्यावीत, कालवडीत हा भाग घट्ट असतो. डोकं बाहेर येईपर्यंत ओढ सरळ मागे. छाती सुटली की दांडा हळूहळू गायीच्या पायांकडे खाली. डोकं आत असतानाच दांडा दाबला तर जोर चुकीच्या जागी बसतो. वासराची कंबर अडली तर आणखी खाचा ओढू नयेत. ओढ सैल करावी, वासरू पाव वळसा फिरवावं आणि मग खाली ओढावं. गायीच्या हाडाचं कडं उंचीला जास्त आणि रुंदीला कमी असतं, तर वासराची कंबर आडवी रुंद असते. वळसा दिला की दोन्ही जुळतात.

उलटं वासरू, म्हणजे मागचे पाय आधी, असेल तर नियम वेगळा. कंबर बाहेर येऊ लागली की नाळ दबते आणि डोकं अजून आतच असतं. तिथून पुढे काही मिनिटांत काम संपायला हवं, म्हणून सगळी तयारी आधीच असावी.

अवजाराच्या उणिवाही सांगायला हव्यात. कमान घामट, चिखलट मांडीवरून घसरते. रबर किंवा पट्टा असलेली रुंद कमान बरी. रॅचेटची स्प्रिंग गंजते आणि खाचा झिजल्या की जोरात असतानाच एकदम सुटते, म्हणून हंगामाआधी तेल घालून जड वजनावर तपासावं. एका हाताने ताबडतोब सैल होणारा खटका नसेल तर तो जॅक घेऊच नये. उभी कालवड ओढीत अचानक बसते आणि दांडा झाडूसारखा फिरून माणसाला लागतो. त्यामुळे मागे तीन मीटर मोकळी जागा हवी, आणि खोड्याची बाजू उघडणारी हवी, नाहीतर तिची मान अडकून गळफास बसतो.

वंगणाबद्दल एक सक्त सूचना. पॉलीइथिलीन पॉलिमरची पावडर पाण्यात कालवून मिळणारं घट्ट वंगण स्वस्त आणि निसरडं असतं, पण ते पोटाच्या पोकळीत गेलं तर जनावर दगावू शकतं. सिझेरियनची थोडीही शक्यता असेल तर मेथिलसेल्युलोजवालं वंगण वापरावं.

आता जॅक भिंतीवरच कसा राहील याबद्दल. प्रौढ हेरफर्ड 550 किलोची धरली, तर कालवड वळूकडे जाताना तिच्या 60 ते 65 टक्के, म्हणजे 330 ते 360 किलो, आणि विताना 85 टक्के, म्हणजे साधारण 470 किलो हवी. वळू निवडताना त्याच्या स्वतःच्या दिसण्यापेक्षा कॅल्व्हिंग ईज (त्याची वासरं किती सहज जन्मतात) आणि जन्मवजन यांचे आकडे बघावेत, आणि त्या आकड्यांसोबत दिलेली अचूकताही. नव्या वळूची अचूकता कमी असते. शेवटच्या तीन महिन्यांत कालवडीचं खाणं कमी करून वासरू लहान ठेवण्याचा प्रयत्न करू नये. त्यात आईच अशक्त होते, कळा कमी येतात आणि चीक कमी उतरतो. फार लठ्ठ कालवडही वाईट, कारण चरबी मार्ग अरुंद करते. कॅनडातल्या मॅनिटोबाचे हेरफर्ड पैदासकार गस कोनेफाल यांनी 1970च्या दशकात दाखवलं की दुपारच्या आधी आणि रात्री 10च्या सुमारास चारा दिला तर सुमारे 80 टक्के गायी सकाळी 7 ते संध्याकाळी 7 दरम्यान वितात. जॅकसाठी मदतीला दुसरं माणूस आणि उजेड हवा असतो, त्यामुळे ही सवय लावून घेणं फार मोलाचं.

महाराष्ट्रात एचएफ म्हणजे होल्स्टिन-फ्रिजियन, हेरफर्ड नव्हे. पण संकरित एचएफ कालवड लहान वयात आणि कमी वजनात गाभण राहिली की अडण्याचं कारण तेच असतं, आणि दोन माणसांची चाचणीही तीच. गोठ्यात ट्रॅक्टर किंवा बैलजोडीने वासरू ओढण्याचा विचारही करू नये.

काम झाल्यावर वासराला छातीवर बसवून नाकात काडीने गुदगुल्या कराव्यात, उलटं टांगू नये. 35 किलोच्या वासराला पहिल्या काही तासांत साडेतीन लिटर चीक, नाळेला आयोडीन. साखळ्या उकळून, जॅक क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने धुऊन, वाळवून, रॅचेटला तेल लावून परत भिंतीवर.