पॉवर प्रेसवरील लाइट कर्टन : घेण्यापूर्वी क्लच तपासा

भोसरी एमआयडीसीतील आमच्या प्रेस शॉपमध्ये न्यूमॅटिक क्लचच्या (हवेच्या दाबावर चालणाऱ्या, फेऱ्याच्या मध्येही सोडवता येणाऱ्या क्लचच्या) पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या वा वाकवणाऱ्या यंत्रावर, 14 मिलिमीटर रिझोल्यूशनचा (तेवढ्या जाडीची वस्तूही ओळखणारा) लाइट कर्टन बसवला आहे आणि त्याच्या कामाबद्दल माझे मत निःसंशय चांगले आहे. प्रेसच्या तोंडाशी दोन उभ्या पट्ट्या असतात. एकीतून निघणारे अवरक्त किरण दुसरीवर पोहोचतात आणि मध्ये बोट आले तरी स्लाइड, म्हणजे पंच (वरचा साचा) घेऊन वर-खाली होणारा भाग, थांबते. ऑपरेटरला काही घालावे वा आठवणीने लावावे लागत नसल्यामुळे ऐन घाईतही संरक्षण टिकते.

प्रेसवर बोटे जातात ती बहुधा डायमध्ये (खालच्या साच्यात) अडकलेला जॉब (तयार होणारा नग) किंवा स्क्रॅप हाताने काढताना, पाय पेडलवरच राहिल्यामुळे, किंवा झिजलेल्या क्लचमुळे स्लाइड आपोआप दुसऱ्यांदा खाली आल्यामुळे. ‘ऑपरेटरचे लक्ष नव्हते’ अशी नोंद करून मोकळे होणे सोपे असते. परंतु तासाला ठरावीक नग काढण्याची सक्ती करून ओव्हरटाइममध्येही तेच काम करून घेतले, तर कोणाचेही लक्ष ढळणारच. धोकादायक भाग बंदिस्त ठेवण्याची जबाबदारी 1948 च्या कारखाने अधिनियमाने कामगारावर नव्हे, कारखान्यावर टाकली होती, हे आपण लघुउद्योजक सोयीने विसरतो.

मात्र पिन किंवा रोलिंग की क्लच असलेल्या जुन्या प्रेससाठी हा कर्टन मुळीच घेऊ नये. तिथे क्लच एकदा गुंतला की क्रँकचा फेरा पूर्ण होईपर्यंत स्लाइड थांबवता येत नाही, त्यामुळे किरण तुटले तरी पंच खाली येतोच, आणि कर्टन आहे या भरवशावर हात मात्र अधिक बिनधास्त आत जातो. अशा प्रेसला डायभोवती पक्का जाळीचा गार्ड आणि जॉब काढण्यासाठी चिमटा किंवा चुंबकी पिकर हाच उपाय योग्य आहे.

कर्टन किती अंतरावर बसवला, यावर त्याचा सारा उपयोग अवलंबून आहे. हाताचा वेग सेकंदाला 2000 मिलिमीटर धरला जातो. कर्टन आणि प्रेस मिळून थांबायला 200 मिलिसेकंद घेत असतील, तर डायमधील धोक्याच्या जागेपासून किमान 400 मिलिमीटर अंतर हवे, आणि ब्रेक लायनर झिजून तो वेळ 250 वर गेला तर 500. आमच्या विक्रेत्याने हा वेळ उपकरण लावून मोजला खरा, पण तो लेखी मिळवण्यासाठी बराच पाठपुरावा करावा लागला. बाजूने हात घालण्यास मोकळी राहिलेली जागाही आम्हालाच पत्र्याने बंद करून घ्यावी लागली. कोटेशनमध्ये हा खर्च धरलेला नसतो.

बायपासची (कर्टन तात्पुरता निष्प्रभ करणारी) किल्ली पॅनेललाच लटकत ठेवू नये, ती सुपरवायझरच्या ताब्यात असावी. सोबत मिळणारी टेस्ट रॉड प्रत्येक शिफ्टच्या आरंभी किरणांत वरून खालपर्यंत फिरवावी, आणि कोठेही कर्टनचा दिवा हिरवाच राहिला, म्हणजे रॉड ओळखली गेली नाही, तर मेंटेनन्सने पाहेपर्यंत प्रेस सुरू करू नये.