अलास्का हायवेवर पाच महिने: ट्रेलर उत्तम, फ्रीजचा खटका मात्र निकृष्ट
मे महिन्यात कॅनडातल्या एडमंटनहून अलास्काकडे जाणाऱ्या या हायवेवर ट्रकमागे ओढत नेलेला, आत राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेला आमचा एकोणीस फुटी ट्रेलर सप्टेंबरअखेर सुखरूप परत आला. तरीही हा अनुभव मी फ्रीजच्या दारावरील प्लास्टिकच्या खटक्यापासूनच सुरू करणार आहे, कारण कॅनडाच्या युकॉन भागातील डिस्ट्रक्शन बे या वस्तीच्या पुढे तो तुटला आणि दोन आठवड्यांचे दही, दूध व भिजवलेली कडधान्ये जमिनीवर सांडली. जवळचे मोठे दुकान व्हाइटहॉर्सला, म्हणजे अडीचशे किलोमीटरांहून अधिक मागे होते. त्या भागात अन्न वाया जाणे ही साधी गैरसोय नसते.

विक्रेत्याने वॉरंटी नाकारताना रस्त्याकडे बोट दाखवले. त्या टप्प्यात रस्ता खरोखरच लाटांसारखा वरखाली होतो. १९४२ मध्ये अमेरिकी सैन्याने अवघ्या आठ-नऊ महिन्यांत ही वाट काढली, तेव्हा शेवाळ आणि झाडोरा खरवडल्यामुळे खालची कायम गोठलेली जमीन उघडी पडून वितळू लागली. ती खचणे-फुगणे आजही थांबलेले नाही आणि डांबर दरवर्षी नव्याने उसवते. पण हा ट्रेलर उत्तरेकडील प्रवासासाठी म्हणूनच विकला असेल, तर रस्त्याचे कारण पुढे करण्याचा अधिकार विक्रेत्याला उरत नाही, असे माझे मत होते. ते मी तीन पत्रांतून कळवले.

परतीच्या प्रवासात या मताला मुरड घालावी लागली. जाताना मी ताशी ८० किलोमीटरने गेलो होतो; येताना त्याच पट्ट्यात ५० वर राहिलो, जड डबे चाकांच्या वर ठेवले आणि दाराला पट्टा बांधला, तेव्हा आत एक वाटीही हलली नाही. म्हणजे दोषाचा काही वाटा माझा होता. चाके, स्प्रिंगा व ब्रेक यांनी एकदाही त्रास दिला नाही. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रेलर ट्रकला जोडणाऱ्या भागावर) राहील याची मी काळजी घेतली होती, त्यामुळे मंचो लेकच्या वळणांवरही ट्रेलर ट्रकमागे डोलला नाही. लियार्डच्या गरम झऱ्यांतून रात्री परतल्यावर आतली छोटी शेगडी पेटवून घेतलेला चहा पत्नीला आणि मला कोणत्याही हॉटेलपेक्षा मोलाचा वाटला. फोर्ट नेल्सन ते वॉटसन लेक या पाचशेहून अधिक किलोमीटरांत पेट्रोल पंप मोजकेच असल्याने, स्वयंपाक सोबत असणे ही या वाहनाची खरी किंमत आहे.

तरीही खटक्याबाबत माझे म्हणणे कायम आहे. सुटा भाग म्हणून माझ्याकडे ९२ डॉलर मागण्यात आले, ते मी दिलेले नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातून १४ डॉलरची धातूची कडी आणून मी स्वतः बसवली असून, नवा ट्रेलर घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी ते दार दहा वेळा जोराने ओढून पाहावे.