आत्याला घेऊन फोंतेन्यांसच्या तावेर्नात

पणजीत फोंतेन्यांसमधलं हे जुनं तावेर्न, म्हणजे गोव्याकडचा दारूचा गुत्ता, परत उघडलंय असं भावाने फोनवर सांगितलं तेव्हाच ठरवलं होतं की आत्याला घेऊनच जायचं. आत्या आता ७८ची, गुडघे दुखतात, पण डोकं अजून एकदम तल्लख. आमच्या आजोबांचं म्हापशाजवळ तावेर्न होतं, ५० सालच्या आसपास सुरू केलेलं, आणि ते सगळं लहानपणी जवळून बघितलेली आता ती एकटीच उरलीय.

५ पैकी ४ स्टार देतोय, एक का कापला ते शेवटी सांगतो.

जागा छोटी आहे, सहा टेबलं फक्त. अर्धं लाकडी दार, वर कौलं, काउंटरच्या मागे वेताने विणलेले काचेचे मोठे गाराफांव. आत्या आत शिरली ती टेबलाकडे न जाता सरळ तिकडे गेली आणि एकावरून हात फिरवत म्हणाली, आमच्याकडे असे तीन होते आणि ते धुवायचं काम माझं, आत मूठभर रेती आणि थोडं पाणी घालून इतकं हलवायचं की खांदे भरून यायचे, आणि तरी तुझी आजी तोंडाला नाक लावून वास घ्यायची आणि म्हणायची परत धू.

काउंटरवरच्या काकांनी हे ऐकलं आणि विचारलं, बाय, तुमचं कुठलं? आता इथे जरा मागचं सांगायला हवं. आत्याचं लग्न झालं तेव्हा सासरी पुण्यात सांगितलं होतं की वडिलांचं किराणा दुकान होतं. तावेर्न म्हटलं असतं तर सोयरीक जमली नसती, आणि नंतर ते तसंच राहिलं, आम्हा भाचरांना सुद्धा कोणाला सांगू नका अशी ताकीद असायची. पुढे काजू फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे गोव्याचीच म्हणून अधिकृत ओळख, मिळाला, २०१६ मध्ये गोवा सरकारने हेरिटेज ड्रिंक म्हणून जाहीर केलं, तरी घरात किराणा दुकान ते किराणा दुकानच. त्या दिवशी आत्या म्हणाली, "म्हापशाकडचे आम्ही, आमचं तावेर्न होतं." मोठ्याने, सगळ्यांसमोर. मला खरंच भरून आलं.

मग काकांनी फेणी आणली. आत्याने ती आधी प्यायली नाही, तळहातावर दोन थेंब घेतले, दोन्ही हात चोळले आणि नाकाशी नेले. आजी अशीच परीक्षा करायची म्हणे, भट्टीवाला आला की आधी बाटली हलवून फेसाचे मणी किती वेळ टिकतात ते बघायची, मग तळहात. पाणी मिसळलेलं असेल तर ती तिथल्या तिथे परत पाठवायची. "ही बरी आसा," आत्या म्हणाली आणि काकांचा चेहरा असा खुलला की काय सांगू.

आजोबांपेक्षा आजीच्याच गोष्टी जास्त निघाल्या. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, दुपारी बाजार उठला की माणसांची रीघ लागायची आणि आजोबा माल आणायला बाहेर असायचे, म्हणून नऊवारी नेसलेली आजी काउंटरवर. लिहिता येत नव्हतं, उधारी दाराच्या मागे कोळशाच्या रेघांनी. १९५८ मध्ये पोर्तुगीज सरकारने सोळा तांग्यांचा रुपिया बंद करून एस्कुदो आणला, एका रुपियाचे सहा एस्कुदो, तेव्हा दारामागची सगळी उधारी आत्याने सहाच्या पाढ्याने बदलून दिली, वय वर्षं ११. आणि एखाद्याची बायको सकाळी येऊन रडून गेली असेल तर संध्याकाळी त्याच्या दुसऱ्या कोप्यावर, म्हणजे ग्लासवर, आजी नुसता तळहात ठेवायची, तोंडाने एक शब्द नाही. तो माणूसही मुकाट उठून जायचा.

५५ नंतर रात्री दार लावून रेडिओ ऐकायचे, जंगलातून गुपचूप चालणारं ते मुक्तीचं स्टेशन, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो चालवायचे ते. आवाज अगदी बारीक, आणि आत्या दाराच्या फटीला डोळा लावून, पाकले, म्हणजे पोर्तुगीज शिपाई, येतात का बघायला. त्याच बाकांवर दिवसा पाकले बसून प्यायचे, बघा म्हणजे. पलीकडे मुंबई राज्यात तर दारूबंदी, वेंगुर्ल्याकडचे नातेवाईक आले की आधी पाणी मागायचे आणि मग हळूच आजोबांकडे बघायचे.

बरं, खाण्याचं. सुक्या सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, किसमूर फार छान, खोबरं ताजं, सुंगटं कुरकुरीत. बांगडा रेशाद मसाल्यात जरा आंबट जास्त होता पण मासा ताजा. उकडलेले चणे फुकट मिळतात, हे मला फार आवडलं. मी हुर्राक मागितलं तर काकांनी सरळ सांगितलं, आता नाही, मार्चमध्ये या. डिसेंबरमध्ये कोण हुर्राक देत असेल तर घेऊ नका, ते काजूच्या सीझनचं, पहिल्या धारेचं, थोडे महिने टिकतं. मागच्या वर्षी एका बीचवरच्या शॅकमध्ये ख्रिसमसला मला हुर्राक म्हणून काहीतरी दिलं होतं, दोन दिवस पोट बिघडलं होतं.

कापलेला एक स्टार गाण्यांचा. आठनंतर स्पीकर एवढा मोठा करतात की आत्याचं बोलणं मला ऐकू येईना, आणि ती तर रंगात आली होती, आजोबांनी तावेर्न बंद का केलं ते सांगत होती आणि ते अर्धंच राहिलं. कृपया आवाज कमी ठेवा, अशा जागी माणसं बोलायलाच येतात. बाथरूमला तीन उंच पायऱ्या आहेत, तिथे एक कठडा लावला तर बरं होईल, काकांनी स्वतः हात धरून नेलं ते वेगळं.

दोघांचं बिल ७६० झालं, दोन फेण्या, किसमूर, बांगडा, सोडा. मी तिसरी मागवायला हात वर केला तर आत्याने माझ्या कोप्यावर तळहात ठेवला, आणि काका काउंटरवरून हसले.

म्हाताऱ्या माणसांना नेणार असाल तर सहाला जा, तेव्हा दाराजवळचं टेबल मिळतं आणि गाडी अगदी गल्लीच्या तोंडापर्यंत येते. आम्ही मार्चमध्ये परत जातोय, राहिलेली गोष्ट ऐकायला आणि हुर्राकसाठी.