दोन टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क, १४ महिन्यांनंतर: डिस्क धडधाकट, पोर्ट नाजूक

सहाव्या महिन्यातल्या रिव्ह्यूत या डिस्कला दोन तारे होते. आता चौदावा महिना संपत आलाय आणि तारे साडेतीन झालेत. कापलेल्या दीड ताऱ्यांपैकी एक केबलच्या पोर्टने घालवला, अर्धा सर्व्हिस सेंटरने.

अडीच इंची, यूएसबी ३.०, विंडोजमध्ये १.८१ टीबी दिसते वगैरे सगळ्यांना ठाऊक आहेच. काम एकच, लॅपटॉपचा आठवड्याचा बॅकअप. त्यामुळे वेगाचं पुराण थोडक्यात. रिकाम्या डिस्कवर मोठ्या फाइली १२५ ते १३० एमबी प्रति सेकंदाने जातात. डिस्क पाऊण भरली की लिखाण प्लॅटरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या तबकडीच्या, आतल्या बाजूला सरकतं आणि वेग ८०-९० वर येतो. बारक्या फाइलींचा ढीग असेल तर १५ मिळाले तरी नशीब. शिवाय ही डिस्क एसएमआर जातीची आहे, म्हणजे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले. एक कौल बदलायचं तर शेजारची उचकटावी लागतात, तसंच इथे. जुन्या डेटावर सलग पन्नासेक जीबी लिहिलं की वेग अचानक २५ वर कोसळतो आणि डिस्क बिघडली असं वाटतं. बिघडलेली नसते. दहा-पंधरा मिनिटं वीज चालू ठेवून नुसती सोडली की आतली आवराआवर उरकते आणि गाडी रुळावर येते.

आता पोर्ट. घोडं पेंड खातंय ते इथेच.

डिस्कच्या बाजूला तो रुंद, चपटा, मध्ये खाच असलेला मायक्रो-बी पोर्ट आहे. त्याचे दोन भाग असतात. मोठा भाग म्हणजे जुन्या फोनचा मायक्रो यूएसबी, त्यात ५ पिना. शेजारचा छोटा भाग यूएसबी ३.० च्या वेगासाठी, त्यात आणखी ५. वीज मोठ्या भागातून येते, वेग छोट्या भागातून. प्लग जेमतेम सहा-सात मिलिमीटर आत जातो आणि त्याला धरून ठेवायला दोन बारीक आकडे, बाकी काही नाही. डिस्क टेबलाच्या कडेला आणि केबल खाली लोंबकळती ठेवली की सगळा भार त्या आकड्यांवर पडतो. पाच-सहा महिन्यांत ते ढिले होतात.

ढिले झाल्यावर दोन वेगळ्या गोष्टी घडतात आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. छोटा भाग सुटला तर डिस्क चालूच राहते, पण यूएसबी २.० वर उतरते. कॉपी करताना वेग ३५ ते ४० च्या मध्ये एका रेषेत स्थिर दिसला की हेच झालंय समजा. एसएमआरचा वेग वरखाली नाचतो, हा नाचत नाही. मोठा भाग सुटला तर वीजच जाते. टक् असा आवाज येतो, डिस्क गायब होते, दोन सेकंदांनी पुन्हा घुर्र करत उठते. मग विंडोज शांतपणे विचारतं, ‘फॉरमॅट करायची का?’ तिथे कॅन्सल दाबायचं. घाईत होकार देऊन बसलेल्यांची संख्या कमी नाही.

दोष डिस्कचा की जोडणीचा हे दहा मिनिटांत कळतं. विंडोजची नोंदवही म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. १५७ क्रमांकाची नोंद म्हणजे डिस्क न सांगता काढली गेली, ७ क्रमांकाची म्हणजे बॅड ब्लॉक, डिस्कवरची खराब जागा. नुसत्या १५७ ची रांग असेल आणि ७ एकही नसेल तर संशय केबलवर घ्या. मग डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो. त्यात आकडे सोळाच्या पायावर दिसतात. फंक्शन, अॅडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज इथे जाऊन दहाचा पाया निवडा, नाहीतर भलतीच धडकी भरते. त्या यादीत ०५ म्हणजे खराब झाल्याने बदली दिलेले सेक्टर (साठवणीचे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न येऊन लटकलेले. हे दोन्ही शून्य असतील तर प्लॅटर ठीक. या डिस्कवर १४ महिन्यांनंतरही शून्यच आहेत. खरा चहाडखोर सी०. वीज अचानक गेली की हेड, म्हणजे वाचणारा-लिहिणारा हात, घाईने मागे खेचलं जातं, त्या प्रत्येक वेळेची मोजणी तिथे होते. इथे सहाव्या महिन्यात तो आकडा ६१ होता, आणि डिस्क हाताने तशी उपटली गेली असेल फार तर तीनदा. सी७ शून्य आहे म्हणजे केबल चांगली, असं बरेच जण सांगतात. तो आकडा साटा, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कच्या, जोडणीचा असतो. यूएसबी केबल तुटायला आली तरी तो हलत नाही.

हे सगळं छापून सर्व्हिस सेंटरला दाखवलं तर उत्तर आलं, ‘फॉरमॅट करून बघा.’ आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. वॉरंटी ३ वर्षांची आहे, पण तिचा अर्थ नीट समजून घ्या. डिस्क जमा करायची, बदल्यात दुसरी मिळते, तीही बहुधा दुरुस्त केलेली. जुनी त्यांच्याकडे जाते, आतल्या डेटासकट. डेटाची जबाबदारी नाही, केबल तर वॉरंटीतच नाही. म्हणून जमा करण्याआधी डेटा दुसरीकडे उतरवून डिस्क पूर्ण पुसा. क्विक फॉरमॅटने पुसलं जात नाही, नुसती अनुक्रमणिका फाटते. विंडोजमध्ये क्विकची खूण काढून फॉरमॅट केलं की सगळीकडे शून्यं लिहिली जातात. २ टीबीला पाच-सहा तास धरा.

प्रत्यक्षात उपाय निघाला दोनशे रुपयांची केबल. ३० सेंटिमीटरची आखूड घ्या. लांब केबलमध्ये व्होल्टेज पडतं, आणि डिस्क फिरायला लागताना क्षणभर तिला जवळपास १ अँपिअर लागतो, तर यूएसबी ३.० पोर्टची हमी ९०० मिलिअँपिअरची. त्यामुळे स्वतःची वीज नसलेला यूएसबी हबही नको. नवी केबल लागल्यापासून सी० एकनेही वाढलेला नाही, म्हणून दोनाचे साडेतीन तारे.

पण समजा केबल नाही, डिस्कवरचा पोर्टच खिळखिळा झाला, तर? पूर्वी डबी उघडून आतली डिस्क साटा केबलने जोडता यायची. अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये आता साटा पोर्ट नसतोच. यूएसबी पोर्ट थेट डिस्कच्या बोर्डावर झाळलेला असतो, काहींत एन्क्रिप्शनही त्याच बोर्डावर. ही त्यातलीच. म्हणजे सुटा पार्ट बदलून भागत नाही, बोर्डावर झाळकाम आलं, आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे गेलं की नाकापेक्षा मोती जड. अशा वेळी एक जुगाड चालतो. ड्रॉवरमधली जुन्या फोनची मायक्रो यूएसबी केबल पोर्टच्या मोठ्या भागात बरोबर बसते. ती डेटा केबल हवी, नुसती चार्जिंगची नको. वेग यूएसबी २.० चाच, म्हणजे दुधाची तहान ताकावर, पण छोटा भाग मोडलेल्या डिस्कवरून २२० जीबी दीड-पावणेदोन तासांत सुखरूप उतरतं. उतरत असताना विंडोजचं चेकडिस्क चालवू नका. दुरुस्ती करताना ते डिस्कवर लिहितं. आधी कॉपी, मग दुरुस्ती. आणि टक् टक् लयीत वाजत राहिलं तर तो पोर्ट नव्हे, हेड आहे. तेव्हा लगेच वीज तोडायची.

अकराव्या महिन्यात लॅपटॉप बंद पडला. निळा स्क्रीन, ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. (विंडोज ११ च्या ताज्या आवृत्तीत तो स्क्रीन काळा केलाय. रंग बदलला, दुःख तेच.) नवं विंडोज टाकून डिस्कवरून ३१० जीबी परत घेतलं. फोटो-व्हिडिओचे २२० जीबी ३५ मिनिटांत, उरलेले ९० जीबी मात्र दीड लाखाच्या आसपास बारक्या फाइली असल्याने पावणेदोन तास. एकही फाइल खराब निघाली नाही. डिस्क म्हणून तिचं कौतुक इथे पूर्ण.

उणिवा निघाल्या त्या बॅकअपच्या पद्धतीत. पहिली, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर, होम आवृत्तीतही, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन गुपचूप चालू होतं. मशिन पडल्यावर रिकव्हरीच्या काळ्या खिडकीत शिरायचं तर ४८ आकडी की मागितली जाते. लॅपटॉपमधली एसएसडी (चिपवाली डिस्क) काढून एन्क्लोजरमध्ये, म्हणजे यूएसबीच्या डबीत, घातली तरी तीच की. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशिन्स पाडली आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. तेव्हाही उपाय पाच मिनिटांचा होता, एक फाइल पुसण्याचा. अनेक ठिकाणी काम अडलं ते या ४८ आकड्यांपाशी. मायक्रोसॉफ्ट खात्यात डिव्हाइसच्या नावाखाली की सापडते. ती कागदावर उतरवा, सोबत की आयडीची पहिली ८ अक्षरं. कागद बॅकअप डिस्कच्या पाऊचमध्ये मात्र ठेवू नका.

दुसरी उणीव मराठीत काम करणाऱ्यांची. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी अशा जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या फाइली परत आल्या, पण उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा. फाइल शाबूत असते, नव्या विंडोजमध्ये फॉन्ट नसतो. डॉक्युमेंट्सबरोबर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरची प्रत घ्या. आपण टाकलेले फॉन्ट कधी कधी यूजरच्या लोकल अॅपडेटामध्ये, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स इथेही जाऊन बसतात, तेही घ्या. सॉफ्टवेअरला डाँगल किंवा सिरियल नंबर असेल तर तो वेगळा लिहून ठेवा.

वनड्राइव्हचा गोंधळही इथेच. डेस्कटॉप फोल्डर आपल्याला डिस्कवर वाटतो, पण ढगाचं चिन्ह असलेल्या फाइली तिथे नुसत्या नावापुरत्या असतात. कॉपीआधी राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ द्या. टॅलीवाल्यांनी फोल्डर उचलण्याऐवजी ऑल्ट वाय दाबून आतूनच बॅकअप घ्यावा, आणि आउटलुक चालू असेल तर बंद करावं. मेल साठवणारी पीएसटी फाइल उघडी असली तर कॉपी होत नाही.

हे शेवटचं का महत्त्वाचं, ते रोबोकॉपी ही विंडोजची कॉपी करायची कमांड वापरणाऱ्यांना कळेल. अडलेल्या फाइलीपाशी रोबोकॉपी मूळ सेटिंगने दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून. हिशोब केला तर एका फाइलीपायी ३४७ दिवस. म्हणून आर:२ आणि डब्ल्यू:५ हे स्विच (दोनच फेरप्रयत्न, मध्ये ५ सेकंद) द्यायचेच, रिकाम्या फोल्डरांसाठी ई, जंक्शनच्या (दुसऱ्या फोल्डरकडे वळवणाऱ्या दुव्यांच्या) चक्रात अडकू नये म्हणून एक्सजे, आणि लॉग. पहिल्या फेरीनंतर आठवड्याचा बॅकअप चार ते सहा मिनिटांत उरकतो.

जुन्या रिव्ह्यूत ई ऐवजी एमआयआर सुचवलं होतं, ते मागे घेतो. एमआयआर म्हणजे आरसा. लॅपटॉपवर चुकून पुसलेलं फोल्डर पुढच्या फेरीत बॅकअपमधूनही पुसतं, तेही न विचारता. रॅन्समवेअरने कुलूपबंद केलेल्या फाइली तितक्याच इमानाने चांगल्यांच्या जागी आणून ठेवतं. हा दुसरा धोका ई लाही आहे, कारण बदललेली फाइल तोही जुनीवर लिहितो. आता डिस्कवर ‘सम’ आणि ‘विषम’ अशी दोन फोल्डरं आहेत, आठवडे आलटून पालटून. जागा दुप्पट लागते, ३१० चे ६२०. १.८१ टीबीत सहज बसतं, म्हणून चार पैसे वाचवायला १ टीबीची घेऊ नका. इथे चिकटपणा महागात पडतो.

एसएसडी का नाही, असं कुणी विचारेलच. किंमत हे एक कारण. दुसरं, वीज न देता कपाटात पडून राहायला चुंबकीय डिस्क बरी. जेडेक या चिप-उद्योगाच्या मानकसंस्थेनुसार लिखाणाची मर्यादा संपलेल्या एसएसडीने वीज नसताना ३० अंशांला १ वर्ष डेटा टिकवायचा असतो. नवी एसएसडी त्याहून खूप टिकते, पण तिला विसरून चालत नाही. शिवाय डिस्क मरताना बहुधा कुरकुरते, एसएसडी न बोलता जाते.

पहिल्याच दिवशी करायचं काम राहिलं. डिस्क एक्सफॅट फॉरमॅटमध्ये आली असेल तर डेटा टाकण्याआधी एनटीएफएस फॉरमॅट करून घ्या. एक्सफॅटला जर्नल (चालू लिखाणाची नोंद) नसतं, लिहिता लिहिता केबल सुटली तर अख्खी यादीच विस्कटू शकते, आणि इथे केबल सुटते हे वर सांगितलंच. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, पिनांवर हिरवट थर धरतो. डिस्क आणि केबल सिलिका जेलच्या पुडीसह झिपच्या पिशवीत, आणि महिन्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा प्लगवर. पोर्टमध्ये काही घालू नका.

आज हीच डिस्क घ्यायची झाली तर याच कंपनीचं यूएसबी-सी पोर्टचं मॉडेल तीन-चारशे रुपये जास्त देऊन घेईन. ज्यांच्याकडे ही आहे त्यांनी कॉपी चालू असताना डिस्क टेबलाच्या मध्ये सपाट ठेवावी, केबलचा एक वेढा डिस्कभोवती घेऊन रबरबँड लावावं, म्हणजे ओढ बसली तर रबरबँडला बसेल. प्लग काढताना केबल धरून नाही, प्लगच्या दोन्ही कडा धरून, सरळ.